तापलेला वायू, बीजेची कोर

भाऊबीजेच्या दिवशी अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या एसटीत एक मावशी माझ्या शेजारी बसल्या. मांडीवर ओवाळणीचं ताट, फडक्यात घट्ट बांधलेलं. मूर्तिजापूरला त्यांनी खिडकीतून चहा घेतला, डब्याच्या झाकणात ओतला आणि निवायची वाट पाहत बसल्या. फुंकर एकदाही मारली नाही.

"काय पाहून राहिली वं बाई?" माझ्या मोबाइलवरच्या दीर्घिकेकडे बोट करत त्यांनी विचारलं.

मी हेच शिकते, त्यामुळे माझी गाडी सुटलीच. या दीर्घिकेभोवती अमाप वायू आहे, पण मधलं कृष्णविवर त्याला तापवत राहतं. तापलेला वायू गोळा होत नाही, म्हणून नवे तारे जन्मत नाहीत.

"मंग संपलं?"

"नाही मावशी. निवला की तो आत येतो. तारे पुन्हा होतात."

त्यांनी मांडीवरच्या ताटाची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाल्या, "वावराच्या हिश्शावरून भाऊ बोलत नाही माह्याशी. दरसाल चंद्रालेच ओवाळून राहिली मी. औंदा चालली त्याच्या घरी, भातकुलीले."

भाऊ नसलेल्या बहिणी चंद्राला ओवाळतात. भाऊ असून ओवाळणारी मी पहिल्यांदाच पाहत होते.

निवलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला. "मंजे गॅस कुठी गेला नाही. तापून हाये फकत."

संध्याकाळी अमरावतीत गच्चीवरून बीजेची कोर दिसली. आज तिच्या वाट्याची एक ओवाळणी कमी झाली असावी, असं मला फार फार वाटलं.