पठारावरची खाली आलेली तार

“एकदा ट्रायल घेऊन टाका ना. टिकली तर टिकली,” साहेब फोनवर म्हणाले.

मी वीज कंपनीचा ज्युनिअर इंजिनिअर, किनवटच्या जंगलात, पठारावर चढणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी उभा होतो. सोबत लाईनमन रफिकभाई. रात्रीच्या वादळात वरच्या गावांची लाईन ट्रिप झाली होती, म्हणजे आपोआप बंद पडली होती. ट्रायल म्हणजे ती चालू करून बघायची. फांदी घासून गेली असेल तर लाईन टिकते. तार पडली असेल तर बहुतेक वेळा पुन्हा ट्रिप होते. पण तेवढ्या क्षणात तारेत अकरा हजार व्होल्ट असतात.

वरच्या दवाखान्यात फ्रिजमध्ये लसी होत्या. साहेबांची घाई खोटी नव्हती. पण लाईनवर कामाचं परमिट माझ्या नावावर होतं. ते मी परत केल्याशिवाय सबस्टेशन लाईन चालू करत नाही.

“आधी चालून बघतो,” मी म्हणालो.

“उशीर झाला तर जबाबदारी तुमची.”

“हाव साहेब.”

धुकं असं की एका खांबाखालून पुढचा खांब दिसेना. तारेचा अंदाज घेत सागाच्या झाडांतून जायचं, खांब आला की मान वर करून बघायचं. पानांवरचं पाणी सरळ डोळ्यांत पडायचं. खांबामागून खांब धड निघत होते. फोनची रेंजही गेली.

“साहेब, उगंच फिरून राहिलो का आपण?” रफिकभाईंनी विचारलं. मलाही तेच वाटत होतं.

पठारावर पोचलो आणि ते थबकले. खांबावरचा इन्सुलेटर, म्हणजे तारेला आधार देणारा चिनी मातीचा तुकडा, फुटला होता. तार कमरेपर्यंत खाली आली होती. तिच्यावर लाल लुगडं वाळत घातलं होतं.

शेजारच्या झोपडीतून एक म्हातारी दुसरं ओलं लुगडं घेऊन येत होती.

“मावशी, थांबा तिथंच. तारेला हात लावू नका,” मी म्हणालो.

“लाईट तर रातीपासून न्हाई की, बाबा.”

रफिकभाईंनी आधी तारेला अर्थिंग लावलं, म्हणजे ती जमिनीला जोडली, मग लुगडं काढून तिच्या हातात दिलं. मी दगडावर बसलो.

इन्सुलेटर बदलून परमिट परत केलं, दुपारनंतर लाईन चालू झाली. दवाखान्यातल्या सिस्टरनी लसी बर्फाच्या डब्यात हलवल्या होत्या, त्या वाचल्या. संध्याकाळी साहेबांना सगळं सांगितलं.

“रिपोर्टमध्ये इन्सुलेटर फुटला एवढंच लिहा. लुगड्याचं नको,” ते म्हणाले.

तेवढंच लिहिलं. लाईन बंद आहे हे तारेखालच्या माणसाला कळतं. ती कधी चालू होणार, हे त्याला कोणी सांगत नाही.