दोन ठोके आणि एक

इंजिनाची नाडी बघण्याच्या तऱ्हा पुष्कळ. कुणी कान लावतं, कुणी धुराचा रंग बघतं, आणि एक महाभाग तर जुनं ऑइल बोटावर घेऊन चाटून बघायचा. पुढे त्याच्या तोंडाची चव गेली ती गेलीच, बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचा मात्र थांबला, तेवढाच फायदा. पण झाडूकाका इंजिन ऐकायचा दातांनी. हातभर लांब पोलादी सळई घ्यायची, एक टोक इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे त्याच्या ओतीव धडावर टेकवायचं, दुसरं पुढच्या दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. गर्जणाऱ्या यंत्रांशेजारी जन्म गेल्यामुळे इंजिनाच्या बारीक आवाजांपुरता कानांनी केव्हाच राजीनामा दिला होता. दात मात्र अजून नोकरीवर होते. दातांच्या डॉक्टरनं एकदा विचारलं, "एवढे झिजले कशानं? खाता तरी काय?"

काका म्हणाला, "ट्रॅक्टर."

आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. ओढीच्या शर्यतीत उतरणाऱ्या ट्रॅक्टरांची इंजिनं बांधणं, हाच त्याचा धंदा. मातीच्या सरळ पट्ट्यावर ट्रॅक्टरमागे लोखंडी घसरगाडी जोडतात. ट्रॅक्टर पुढे जाईल तसं गाडीवरचं वजनाचं खोकं पुढे सरकतं, ओझं वाढत वाढत जातं, शेवटी ट्रॅक्टरचं नाक आभाळाकडे होतं आणि चाकं जागच्या जागी माती उकरत बसतात. जो सर्वांत लांब ओढेल तो जिंकला. त्यासाठी शेतातलं साधं डिझेल इंजिन घ्यायचं आणि त्याला पार वेडं करून सोडायचं. त्याच्या पोटातले पाण्याचे मार्ग सिमेंटनं बुजवायचे, म्हणजे जोरानं ब्लॉक फुटत नाही. खेळच इतका थोडक्यात उरकतो की थंड व्हायला सवड कुणाला? मग इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या तोंडी दुसरा टर्बो लावायचा, स्पार्क प्लग बसवायचे आणि डिझेलऐवजी पाजायचं मिथेनॉल.

या मिथेनॉलची एक वाईट खोड. भर उन्हात ते पेटलं तर ज्वाळा दिसत नाही. धूर नाही, रंग नाही. माणूस जळत असतो आणि बघणाऱ्याला नुसती हवा थरथरताना दिसते.

म्हणून तर काकाच्या हातात कायम झाडू. इंजिन सुरू झालं की तो वाळक्या गवताचा झाडू इंजिनाभोवती, नळ्यांच्या सांध्यांवरून हळूहळू फिरवायचा. न दिसणारी आग असेल तर झाडू पेटायचा आणि ती दिसायची. लोक हसायचे. "काका, ओढायला आलात की झाडायला?" त्यातूनच ते नाव पडलं. हसणाऱ्यांना कारण माहीत होतं, तरी हसायचे.

कारण होतं त्याचा दादा.

दादा ट्रॅक्टर चालवायचा, धाकटा इंजिन बांधायचा. पत्र्याच्या शेडमध्ये त्या गडगडाटात बोललेलं कुणाला कळणार? म्हणून दोघांनी ठोक्यांची भाषा केली होती. एकानं पान्यानं ब्लॉकवर ठोकायचं, दुसऱ्यानं सळईतून ऐकायचं. दोन ठोके म्हणजे वेग वाढव. दोन, आणि जरा थांबून एक, म्हणजे बंद कर, हात काढ. नुसता एक म्हणजे ऐकलं. ही भाषा तिसऱ्या कुणाला येत नव्हती, दादाच्या बायकोलासुद्धा.

त्या दुपारी दादा सगळ्यांच्या पुढे ओढून गेला. ट्रॅक्टर थांबला, लोक नाचायला लागले, पण दादा खाली उतरेना. एका हातानं सीटचा पट्टा ओढत होता, दुसऱ्या मुठीनं बॉनेटवर ठोकत होता. दोन आणि एक. दोन आणि एक. लोकांना वाटलं, गडी खुशीत ताल धरतोय. त्यांनीही त्याच तालावर टाळ्या धरल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत धाकटा होता. सळई त्याच्या काखेत होती. दादाच्या सदऱ्याची बाही आपोआप काळी पडून गळायला लागली, तेव्हा कुठे कुणीतरी किंचाळलं.

ब्लॉक तेवढा वाचला. ताडपत्रीखाली शेडच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडून राहिला. काका त्याच्याकडे पाठ करून काम करायचा.

आणि आता दादाची पोर, जी तेव्हा आईच्या कडेवर होती, ट्रॅक्टर चालवायला लागली होती. छोट्या शर्यती मारल्या, मोठीत नाव घातलं, आणि एके दिवशी येऊन तिनं ताडपत्रीच ओढून काढली.

"काका, मला याच्यावर इंजिन बांधून दे."

"दुसरा घेऊ गं. नवा, चकचकीत."

"चकचकीत काय करायचाय? लग्न लावायचंय का त्याचं? बाबांचा आहे, हाच पाहिजे."

पोरीची हनुवटी थेट दादाची. काकानं बांधायला घेतलं.

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा त्यानं झाडू फिरवला आणि सळई दातांत धरली. पिस्टन ठीक, व्हॉल्व्ह ठीक, टर्बोची शीळ स्वच्छ. आणि त्या सगळ्याच्या मागे, खूप आत, जणू सिमेंटच्याही पलीकडे, कुणीतरी ठोकत होतं. दोन. मग एक.

काकानं इंजिन उतरवलं, उघडलं, बेअरिंग न् बेअरिंग हातावर घेऊन पाहिलं. काही नाही. जोडलं, सुरू केलं. पुन्हा तेच. त्यानं इंजिन बंद केलं आणि सळई तशीच धरून ठेवली. ठोके थांबले नाहीत. तापलेलं लोखंड थंड होताना टकटकतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पण थंड होणारं लोखंड ताल धरत नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी चहा घेऊन शेडमध्ये आल्या. काकानं सळई दातांतून काढली.

"वहिनी, तुम्ही आत्ता कशावर काही ठोकलंत का?"

"मी? अहो भावोजी, मला धड कपबशी धरवत नाही हातात. ते दात काढून टाका एकदाचे, म्हणजे भलतंसलतं ऐकू येणार नाही." बोलता बोलता वहिनींनी ब्लॉकवर सहज तळवा टेकवला आणि झटकन मागे घेतला. "बाई गं, केवढा तापलाय! केव्हाचं चालवताय?"

त्या दिवशी इंजिन अजून सुरूच केलं नव्हतं.

त्यानं पोरीला सांगून पाहिलं, या खेपेला राहू दे.

"का? इंजिनात खोट आहे?"

"नाही."

"मग?"

तुझा बाप आतून ठोकतोय, असं कुठल्या तोंडानं सांगणार?

शर्यतीच्या दिवशी ऊन असं पडलं होतं की पट्ट्यावरची मातीसुद्धा पांढरी दिसावी. काकानं ट्रकमध्ये शोधाशोध केली.

"माझा झाडू कुठंय?"

पोर हेल्मेट चढवत होती. "घरी ठेवलाय. काका, आज एक दिवस माणसांत आल्यासारखं राहू या ना. सगळे मला झाडूवाली म्हणतात."

वाद घालायला वेळ नव्हता. घसरगाडी जोडली गेली. मागच्या बाजूला नियमाची कडी अडकवली. ट्रॅक्टर गाडीपासून तुटून उधळला तर ही कडी ओढली जाते आणि इंजिन तिथल्या तिथे मरतं. हातानं ओढलीत तर शर्यतीतून बाद. इंजिन सुरू झालं. सांधे नजरेनंच तपासायचे म्हणून काकानं डोळे ताणताणून पाहिलं. सगळं स्वच्छ, कोरडं, लखलखीत. हवा तेवढी थरथरत होती, पण त्या उन्हात कुठली हवा थरथरत नव्हती?

त्यानं सळई दातांत धरली.

या वेळी ठोके लांबून नव्हते. सळईच्या दुसऱ्या टोकालाच कुणी बसल्यासारखे होते. दोन आणि एक. दोन आणि एक. हिरड्यांतून कळ थेट डोळ्यांत गेली. झेंडेवाल्यानं हिरवा झेंडा वर उचलला. पोरीनं मान खाली घातली. काका मागे धावला आणि त्यानं कडी उपटली.

इंजिन मेलं. एकदम इतकी शांतता झाली की झेंड्याचं कापड फडफडलेलं ऐकू आलं.

"काका! हे काय केलंस!" पोर सीटवरून ओरडली. आता हसण्याचा पूर आला. "अहो, म्हातारबांना घरी न्या, झाडू विसरलाय त्यांचा!"

काका कुणाकडे बघत नव्हता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि टर्बोशेजारच्या इंधनाच्या नळीपाशी नेली. टोपीची कड तपकिरी झाली, काळी झाली, आणि मग सगळ्यांच्या देखत टोपी भडकली, जणू कुणी हवेतूनच काडी लावली.

"उतर!" काका ओरडला. "पट्टा सोड, उडी मार!"

पोरीनं उडी टाकली. मागून लोकांनी बादल्या ओतल्या. रिकाम्या हवेवर पाणी पडलं आणि हवा फुसफुसली. ज्या बाजूला पोरीचा गुडघा होता, तिथला बॉनेटचा रंग फोड येऊन सुटला होता. नळीच्या सांध्याला केसाएवढी चीर निघाली. पंचांनी तिला बाद ठरवलं, आणि हसणाऱ्यांची दातखीळ बसली ती पट्टा रिकामा होईपर्यंत सुटली नाही.

पुढच्या आठवड्यात पोर शेडमध्ये येऊन इंजिनासमोर स्टुलावर बसली. इंजिन थंड, टाकी रिकामी. झाडू तिनं स्वतः आणून भिंतीला टेकवला होता.

"पुन्हा चालवू की नको, काका? खरं सांग. तू नाही म्हणालास तर मी हे विकून टाकते."

काकानं सळई पुसून तिच्या हातात दिली. "दातांत धर. मी पलीकडून ठोकतो. एक ठोका म्हणजे 'ऐकलं'. आवाज कसा येतो तेवढं शिकून घे."

तो वळसा घालून ब्लॉकच्या पलीकडे गेला. पाना उचलला. त्या दुपारी जो ठोका द्यायचा राहून गेला होता, तो त्यानं दिला. एक. ऐकलं.

पोर डोळे मिटून बसली होती. जरा वेळानं तिनं सळई तोंडातून काढली.

"आधी एक आला, मग थांबून दोन. दोन म्हणजे काय रे काका?"

काकाच्या हातातला पाना एकदाच हलला होता आणि आता काका तो हळूच फळीवर ठेवत होता, आवाज न करता.

"दोन म्हणजे," तो म्हणाला, "वेग वाढव."