काका, साईड द्या

कोमलला मी पहिल्यांदा पाहिलं ते साताऱ्याजवळच्या एका माळावर, शर्यत सुरू होताना. झेंडा पडला, बाकीच्या गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या आणि एक गाडी जागच्या जागी उभी. आत विशीतली एक मुलगी आरसा सारखा करत होती. मग तिने पट्टा ओढून पाहिला, उजवा इंडिकेटर दिला, मान वळवून मागे बघितलं आणि मागून कोणी येत नाही याची खात्री पटल्यावर गाडी हलवली. मागून कोण येणार होतं? मागे बाभळी होत्या. माझी फेरी आटोपली होती. मी चहाचा ग्लास घेऊन हे बघत होतो, तो निम्मा चहा हसण्याच्या नादात शर्टवर सांडला.

गाडीही बघण्यासारखी होती. मेढ्याच्या एका ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी. टपावर स्कूलची पाटी, पुढच्या-मागच्या काचेवर तांबडा ‘एल’ आणि शिकवणाऱ्यासाठी डाव्या बाजूला जादा ब्रेक. स्कूल तिच्या वडिलांचं. ते लष्करात ट्रक चालवून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मेढ्यात त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांना त्या दिवशी लेकीच्या शेजारी, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं होतं. संयोजकांनी हात जोडून त्यांना खाली उतरवलं.

एवढ्या उशिरा निघूनही ही मुलगी तिसरी आली. हात चांगला होताच, पण खरं कारण वेगळं. ‘एल’ दिसला की आपल्याकडचा माणूस आपोआप चार हात लांब राहतो. कोणी तिच्या जवळ गाडी आणेना. ती उतरल्यावर मी विचारलं, “अगं, शर्यतीत इंडिकेटर कुणाला देतीस?”

तिने हेल्मेट काढून आधी नमस्कार केला. “आवं काका, वळायचं हाय तर मागच्याला सांगायला नको व्हय?”

काका! माझं सांगलीला ट्रकच्या कामाचं गॅरेज आहे आणि या ट्रॅकवर मला लहानथोर ‘शेठ’ म्हणतात. पंचेचाळिशी ओलांडली होती, मान्य. पण हेल्मेट घातल्यावर आपण पस्तिशीचे दिसतो असा माझा समज होता. तो तिने पहिल्याच भेटीत काढून टाकला.

आमच्या भागातल्या या शर्यती म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. माळावर मातीचा छोटा गोल ट्रॅक पाडायचा, जमेल त्याने जुन्या मोटारीच्या काचा नि जादा सीटा काढून तिला लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा आणि ठरलेल्या फेऱ्या मारायच्या. ट्रॅक उजवीकडे वळत जातो, त्यामुळे कोमलचा उजवा इंडिकेटर शर्यतभर उघडझाप करत असे. कोणी घासून गेलं, की फेरी संपल्यावर ती त्याच्याकडे जाऊन शांतपणे म्हणायची, “दादा, लायसन दावा.” एकदा खंडाळ्याला एकाची गाडी उलटली, तर हिने चालू शर्यतीत गाडी कडेला घेतली, “लागलं का वो?” असं विचारलं, त्याने आतून शिवी दिल्यावर “बरं हाय म्हंजे” म्हणाली आणि इंडिकेटर देऊन पुन्हा निघाली. तरी चौथी आली.

पुढच्या हंगामात मास्तरांनी तिला एक जुनी गाडी घेऊन दिली. वजन कमी करायला तिच्यातून मागची सीट काढली, दारांचं अस्तर काढलं, डॅशबोर्डसुद्धा काढला. आणि मग त्या हलक्या झालेल्या गाडीत ट्रकचा प्रेशर हॉर्न बसवला, हवेच्या टाकीसकट. मी म्हटलं, “मास्तर, ही टाकी कशाला? वजन वाढतंय.” मास्तर म्हणाले, “शेठ, हॉर्न न देता दुसऱ्याच्या म्होरं जायचं न्हाई, ही माझ्या घरातली रीत हाय. ज्या दिवशी ही न सांगता कुणाच्या म्होरं गेली, त्या दिवसापासनं हिची गाडी बंद.” ते चेष्टेत बोलत नव्हते. मास्तर चेष्टा करत नाहीत, त्यांना जमत नाही.

कोमलला हे बंधन वाटायचंच नाही. ती म्हणायची, “रस्ता कुणाच्या बापाचा न्हाई काका, पन म्होरचा मानूस कुणाचा तरी बाप असतोय.” असलं काही ती इतक्या सहज बोलायची, की चिडायचीही सोय नसे.

हॉर्नचा पहिला तडाखा मलाच बसला. मी पुढे होतो, ट्रॅक मोकळा, इंजिन झकास बोलत होतं. तेवढ्यात मागे पोंऽऽ पों पोंऽऽ! भरलेला उसाचा ट्रक उतारावर मागे लागावा तसा आवाज. माझ्या पायाने ॲक्सिलरेटर सोडला, हातांनी गाडी डावीकडे घेतली, एवढंच नाही तर उजवा हात खिडकीतून बाहेर काढून मी ‘ये, ये’ अशी खूणही केली. कोमल आतल्या बाजूने निघून गेली. जाताना हात वर करून आभार मानायला विसरली नाही. माझं डोकं सगळ्यात शेवटी जागं झालं, तोवर ती पुढच्या वळणावर होती.

त्या संध्याकाळी सगळे मला हसले. पुढच्या शर्यतीत त्यांच्यातल्या एकेकाने तेच केलं. करणार काय? आम्ही सगळे याच रस्त्यांवर गाडी शिकलो. मागून मोठा हॉर्न आला की डावीकडे व्हायचं, हे हाडात मुरलेलं. एकाने कानात कापूस घातला. त्याला स्वतःचं इंजिन ऐकू येईना आणि त्याने गिअरबॉक्सचं वाटोळं केलं. एकजण साईड द्यायची नाही म्हणून मोठ्याने गाणं म्हणत चालवायचा. हॉर्न वाजला की गाणं म्हणतच डावीकडे जायचा. कोमल शर्यतीमागून शर्यत जिंकत गेली. बक्षीस घेताना माइकवरून म्हणायची, “साईड दिल्याबद्दल सगळ्यांची आभारी हाय.” ती हे मनापासून म्हणायची, आणि तेच जास्त झोंबायचं.

हंगामाची शेवटची शर्यत सांगलीला होती. ती बघायला दक्षिणेतल्या एका मोठ्या टीमचा माणूस येणार होता आणि जिंकणाऱ्याला त्यांच्या डांबरी ट्रॅकवर चाचणीसाठी नेणार होता. त्याआधीच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि हॉर्नवर बंदी घाला म्हणून मागणी केली. एकमताने मंजूर झाली. आजही विचाराल तर मी बरोबरच केलं असं सांगेन. शर्यत म्हणजे काय घाटातली वाहतूक आहे?

नियम झाला आणि दोन दिवसांनी कोमल माझ्याच गॅरेजमध्ये गाडी घेऊन आली.

“काका, हॉर्न काडा.”

“साताऱ्यात गॅरेजं काय कमी हाईत?”

“तुमच्यापायी निघतोय, तुमीच काडा.”

ती रागावली नव्हती, हेच अवघड होतं. मी पाना घेऊन खाली वाकलो. तिने निघालेला हॉर्न फडक्याने पुसला आणि मांडीवर घेऊन स्टुलावर बसली.

“मास्तरांना म्हनावं, एवढ्या एका शर्यतीपुरती सूट द्या,” मी म्हणालो.

“इचारलं. न्हाई म्हनले. त्येंच्या डोळ्यांदेखत न सांगता कुणाच्या म्होरं गेले तर ह्येच्यानंतर गाडीला हात लावायचा न्हाई.”

“मग?”

“मग मागं ऱ्हायाचं. मागं ऱ्हानं काय गुन्हा न्हाई.” एवढं बोलून ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. “पन काका, मला लय जायचंय वो तिकडं.”

मला वाईट वाटलं. चांगलंच वाटलं. दुपारचा डबा गेला नाही. पण मागणी मी मागे घेतली नाही, आणि शर्यतीत तिला मुद्दाम वाट देणार नाही हेही तिला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, “तसं देऊच नका. त्यो आपमान हुईल.”

शर्यतीच्या दिवशी सांगलीकरांनी माळ फुलवला होता. मास्तर कडक इस्त्रीचा शर्ट घालून दोरीपाशी उभे होते. त्यांच्यामागेच स्कूलची ती पांढरी गाडी. नशिबाने पहिल्या जागेवरून मी निघालो, माझ्या मागच्या जागेवरून ती. पहिल्याच वळणावर बाकीचे एकमेकांत अडकले आणि आम्ही दोघेच पुढे निघालो.

त्या फेऱ्या मी विसरणार नाही. प्रत्येक वळणावर माझी गाडी थोडी बाहेर जायची आणि आतली बाजू उघडी पडायची. कोमलचं बोनेट माझ्या दाराशी यायचं. आता गेली, असं वाटायचं. आणि मग ते बोनेट तसंच हळूच मागे जायचं. आरशात तिचा उजवा इंडिकेटर लुकलुकत होता. ती विचारत होती आणि मी उत्तर देत नव्हतो. मला गाडी येते, पण तिच्या निम्मीसुद्धा येत नाही, हे त्या माळावरच्या शेंगदाणे विकणाऱ्यालाही कळत होतं. लोक ओरडत होते, “जा की पोरी, जा की!” शेवटी हेल्मेटच्या आत मीही ओरडलो, “अगं जा की बये!” आणि गाडी मात्र तशीच दामटत राहिलो. माणसाचं असंच असतं.

शेवटची फेरी लागली. मास्तर उभे होते त्या वळणाशी आम्ही आलो आणि हॉर्न वाजला.

प्रेशर हॉर्न नव्हता तो. शिकाऊ गाडीचा, भित्रा, बारीक हॉर्न. पीं पीं पीं. पण माझ्या पायाला आणि हातांना तेवढा पुरला. मी डावीकडे झालो. उजवा हात खिडकीबाहेर गेला. कोमल आतून सुटली, हात वर करून आभार मानले आणि शर्यत जिंकली.

गाडी थांबल्यावर पाहिलं तर मास्तर त्या पांढऱ्या गाडीच्या खिडकीतून आत वाकलेले, हात अजून हॉर्नवर. पंच धावत आले. “मास्तर, हॉर्नवर बंदी हाय!”

“गाडीला हॉर्न नको म्हनला हुता. तिच्या गाडीला न्हवता.”

“मग तुमी कशाला वाजवला?”

मास्तरांनी पंचांकडे असं पाहिलं, जणू पंचांनाच गाडी शिकायची आहे. “पोरगी मागं अडाकली हुती,” ते म्हणाले. “बोलायला कोन तरी नको का तिच्या वतीनं?”

पंचांनी नियम पुन्हा वाचला. बघ्यांनी आवाज करू नये असं त्यात कुठेच नव्हतं. तिकडे तर ढोलसुद्धा वाजत होते. निकाल कायम राहिला. मास्तर माझ्याकडे आले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. “शेठ, साईड दिलीत, लय बरं झालं.” चेष्टा नव्हती. वर सांगितलंच आहे, त्यांना जमत नाही. हरल्याबद्दल माझं असं अभिनंदन आयुष्यात पुन्हा कोणी केलेलं नाही.

कोमल गेली त्या दिवशी मी साताऱ्याच्या स्टँडवर तिला पोचवायला गेलो. बॅग, हेल्मेट आणि आईने दिलेली लाडवांची पिशवी घेऊन ती पुण्याच्या गाडीपाशी उभी होती; तिथून पुढे तिची रेल्वे होती. चेहरा उतरलेला. मला म्हणाली, “काका, तिकडं म्हनं कुणी साईडच देत न्हाई. घुसूनच जावं लागतंय.” मी मास्तरांकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. त्यांनी वाकून बसचं मागचं टायर अंगठ्याने दाबून पाहिलं.

मग म्हणाले, “तू जा म्होरं. हॉर्न मी हितनं देतो.”

ती त्यांच्या गळ्यात पडली आणि स्टँडवर सगळ्यांदेखत हमसून रडली. कंडक्टरने दोनदा घंटी दिली, मग तोही थांबला. कोमल त्यानंतर इकडे राहायला आली नाही. तिकडेच आहे, टीमने तिला ठेवून घेतलं आहे, आणि आमचे ट्रॅक तिच्याशिवाय फारच चिडीचूप वाटतात. मला कोणी काका म्हणत नाही. चैन पडत नाही.

मागच्या महिन्यात मेढ्याला गेलो, तेव्हा तिची शर्यत मोबाइलवर थेट दिसत होती. मास्तरांनी फोन स्कूलच्या पांढऱ्या गाडीच्या स्टिअरिंगसमोर उभा करून ठेवला होता आणि बाजारपेठेच्या कडेला लावलेल्या त्या गाडीत ते पट्टा लावून बसले होते. मी शिकवणाऱ्याच्या जागेवर बसलो. पडद्यावर कोमलची गाडी दुसऱ्या गाडीच्या मागे लागली, तसे मास्तर हॉर्न वाजवायला लागले. वळण आलं, वाट मिळाली नाही. मास्तर वाजवतच राहिले. पुढचं वळण आलं. समोरचा किराणावाला बाहेर आला, मागोमाग त्याची गिऱ्हाइकं आली. कोणी रागावलं नाही, सगळे रस्त्यावर नुसते उभे राहिले. तिसऱ्या वळणाला ती घुसली, आतून, न विचारता, एका बोटाची फट ठेवून.

किराणावाल्याने तिथूनच विचारलं, “मास्तर, गेली का वो म्होरं?”

मास्तरांनी हॉर्नवरचा हात काढला. डोळे पुसले.

“गेली,” ते म्हणाले. “रीतसर गेली.”