जवसाच्या तेलाची फडकी

वनिता गेली त्या दिवशी सोमवार होता. सकाळी ती बाजारात जाऊन आली. दुपारी ती नव्हती.

वनिता माझी बायको. मी सानगडीचा, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. भुताखेतांच्या गोष्टी आवडीनं वाचल्या, पण खऱ्या कधीच मानल्या नाहीत... आजही त्या खऱ्या आहेत असं म्हणायला जीभ वळत नाही. तरी लिहितो आहे, कारण आभार मानायचे आहेत आणि ते कुठे मानावेत हे कळत नाही.

घरात सागवानाचं एक टेबल आहे. त्यावरचा काळपट थर काढून लाकूड दिसू द्यावं, असं वनिताला फार वाटे. ती गेल्यावरच्या उन्हाळ्यात मी ते काम हाती घेतलं. पॉलिशपेपरनं थर घासून काढला आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेलं जवसाचं तेल फडक्यांनी चोळू लागलो. लाकडाच्या रेघा हळूहळू वर आल्या.

आई पलंगावरून बघत होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती उठू शकत नाही.

"काहून रे, चटणीचं तेल टेबलाले पाजून राहिला?"

"पिऊन राहिलं ते, आई."

"पिऊ दे बापा. मले तं चमचाभर देत नाही तू!"

आमच्याकडे जवस म्हणजे खायची वस्तू. त्याला कोण भिणार? मी तेलकट फडक्यांचा बोळा केला आणि आईच्या पलंगाखालच्या रद्दीच्या खोक्यात टाकला. माकडं शिरतात म्हणून पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना आतून कडी घातली आणि तिथेच सतरंजीवर आडवा झालो. डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. आई घोरत होती. खोलीत करपल्याचा वास... खोक्यात पाहिलं, तर फडकी नव्हती. वरच्या वर्तमानपत्रावर तपकिरी डाग होता. दोन्ही दारांच्या कड्या जशाच्या तशा. मागची काढून अंगणात गेलो. फडकी दोरीवर होती — एकेक, सुटी, पसरून. एकाचा मधला भाग जळून काळा झालेला.

एकालाही चिमटा नव्हता. प्रत्येकाचं टोक दोरीच्या पिळात खोवलेलं. मी चिमटे लावतो. पिळात टोक खोवायची ती वनिता. "फडक्याचा बोळा करून नका टाकू हो, वास येते," हे तिचं रोजचं.

संध्याकाळी केमिस्ट्री शिकवणाऱ्या मित्राला फोन केला. तो ओरडलाच.

"अबे, हे तेल वाळताना तापते! बोळा केला तं आपोआप पेटते. वर माय, खाली रद्दी... शिकलेला आहेस ना बे तू?" मग श्वास घेऊन म्हणाला, "नशीब, वाळू घातले तू."

मी "हो" म्हणालो. दुसरं काय सांगणार?

झोपेत मीच उठलो असेन, असाही विचार केला. पण पिळात टोक खोवायला मला जमत नाही. नंतर कितीदा करून पाहिलं, फडकं निसटतंच.

मला यातलं काही उलगडलेलं नाही. टेबल खिडकीपाशी आहे. वनिता नाही. आई आहे, आज डाळीत मीठ कमी म्हणून माझ्यावर रागावली.