कळसापुरतं दर्शन

देवळाच्या पायरीशी चपला काढल्या की मला आधी आई आठवते, देव नंतर. आता मी लातूरला असते. सिद्धेश्वराला गेले की दारातल्या रॅकवर चपला टाकून सरळ आत शिरते, आणि दर वेळी क्षणभर अपराध्यासारखं वाटतं. आमच्या घरी चपला अशा टाकून जायची रीत नव्हती. चपला आई राखायची.

बाबा नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात कारकून होते. सुट्टी मिळाली की आम्हा दोघी बहिणींना आणि आईला घेऊन एसटीनं निघायचे. त्यांना जुन्या जागांचं वेड. कंधारचा दर्गा, उदगीरच्या किल्ल्यातली समाधी, देगलूरजवळचं होट्टलचं दगडी देऊळ. देव कोणाचा हे ते कधी विचारत नसत. जागा जुनी आहे ना, मग हात जोडायचे, म्हणत. एवढा मोकळा माणूस, पण दारापाशी पोचलो की आईकडे न बघताच चपलांकडे बोट करायचा, आणि आई पदर सावरून तिथं बसायची. होट्टलला तर अख्ख्या आवारात आम्ही चौघं आणि दोन शेळ्या. तरी आई बसलीच.

याचं मूळ बाबांच्या बुटांत होतं. मी दुसरी-तिसरीत असताना एका गडावरच्या देवीच्या यात्रेत आई "आलेच" म्हणून गाभाऱ्याकडे गेली आणि परत येईतो बाबांचे कोरे काळे बूट कोणीतरी लांबवले. बाबा भर उन्हात अनवाणी गड उतरले. त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत, पण पुढं वर्षानुवर्षं बोलत राहिले. पाहुणे आले की गोष्ट निघायचीच. "हिच्या दर्शनापायी माझे बूट गेले." पाहुणे हसायचे, आईही हसायची. आम्ही पोरीही हसायचो, ते मात्र मला आता खुपतं.

त्यानंतर आईनं चपलांपासून हलणंच सोडलं. आम्ही आतून बुक्का, शिरणी, जे मिळेल ते आणून तिच्या हातावर ठेवायचो. ती बसल्या जागेवरून कळसाला हात जोडायची, दर्ग्याच्या घुमटापुढं पदर पसरायची. बाबा म्हणायचे, कळसाचं दर्शन झालं म्हणजे देवाचं झालं. मग स्वतः कशाला रांगेत उभे राहता, हे विचारायची आमची छाती नव्हती.

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात तर चपलांसाठी जोडाघर होतं. जोडे द्यायचे, टोकन घ्यायचं, निर्धास्त आत जायचं. पण बाबांचा त्या टोकनावर भरवसा नव्हता. त्यामुळे तीस वर्षं नांदेडात काढूनही आईनं गुरुद्वारा बाहेरूनच पाहिला. एकटी का जात नाहीस म्हटलं तर म्हणायची, "देवाला घरच्या मान्सासंगं जावं." ही तिच्या चाकूरकडच्या माहेरची शिकवण.

आणि रिटायर झाल्यावर बाबा त्याच जोडाघरात सेवेला जाऊ लागले. दर रविवारी सकाळी डोक्याला केशरी रुमाल बांधून निघायचे. लोकांचे जोडे दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळाला लावायचे, फडक्यानं पुसून खणात ठेवायचे. घरी यांना पायातली स्लीपर आई आणून द्यायची. मला त्या रुमालाचा भयंकर राग यायचा.

एकदा जेवताना ते कौतुकानं सांगू लागले. एवढी गर्दी, पंजाबातून गाड्या भरून माणसं येतात, पण आजवर एक जोडा इकडचा तिकडे झाला नाही.

आई भाकरी वाढत होती. तिथंच थांबली. "मंग मला एवढी वर्सं बाहेर कामून बसवलं?"

भांडणाचा सूर नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. बाबांनी पाण्याचा तांब्या उचलला, प्यायले, पुन्हा ठेवला.

पुढच्या रविवारी तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि मला म्हणाली, "चल गं, गुरुद्वाऱ्याला." जोडाघरापाशी ती नेमकी बाबांच्या रांगेत उभी राहिली. बाबा मान खाली घालून काम करत होते. तिच्या झिजलेल्या, अंगठ्यापाशी टाके घातलेल्या चपला पुढं आल्या तेव्हा त्यांनी वर पाहिलं. आजूबाजूला माणसं होती. ती वाट बघत होती आणि हा माणूस आता काहीतरी बोलून हे हसण्यावारी नेईल असं मला वाटलं. बाबांनी चपला दोन्ही हातांत घेतल्या, इतरांच्या लावत तशाच कपाळाला लावल्या आणि टोकन दिलं.

"नीट ठेवा," आई म्हणाली. "मला येळ लागंल."

लागलाच. तिनं माथा टेकला, संगमरवरावर बसून कीर्तन ऐकलं, एकही शब्द कळत नसताना डोळे पुसले. भिंती, छत, सोन्याचं काम, सगळं मान वर करून पाहिलं. लंगरला पंगतीत बसून दोनदा डाळ मागून घेतली. मी चल म्हटलं की म्हणायची, "थांब की, कोनाची घाई हाय आपल्याला?"

बाहेर आलो तेव्हा बाबांची पाळी संपून तास झाला होता. दुसरा माणूस त्यांच्या जागी उभा होता आणि बाबा कठड्याशी तिच्या चपला हातात धरून थांबले होते. टोकन न घेताच ते वाकले, चपला तिच्या पायांपुढं सरळ ठेवल्या, खाली बसून पट्टा लावू लागले.

"झालं दर्शन?" त्यांनी विचारलं.

"झालं," आई म्हणाली. "लई मोठं हाय ओ आतून. तुमी कदी सांगितलंच न्हाई."

बाबा खालीच बसून राहिले. मला वाटलं, पट्टा अडकला असेल. पण पट्टा केव्हाच लागला होता.