मानोऱ्याच्या मंगल कार्यालयात सिंफनी

"एप्रिलात वऱ्हाडात कोण जातं?" असं मला अख्ख्या सोसायटीनं विचारलं. विचारणाऱ्यांत माझा नवरा सगळ्यात पुढे होता. पण सविताला मी शब्द देऊन बसले होते, आणि आमच्या घरी माझा शब्द मोडायचा असेल तर तो मीच मोडते.

सविता म्हणजे आमच्या वरच्या खोलीतली भाडेकरू. वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्याजवळच्या एका बंजारा तांड्यावरची मुलगी, पुण्यात येऊन चेलो शिकली. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं, माणसाएवढं मोठं व्हायोलिन. सुरुवातीला ती वर रियाझाला बसली की खाली माझ्या भांड्यांच्या मांडणीला कंप सुटायचा. पुढे सवय अशी लागली की ती गावी गेली की मला झोप येईना. आता ती एका ऑर्केस्ट्रात वाजवते, स्वतः रचनाही करते, आणि मे महिन्यात शिकायला परदेशी जायचं तिचं ठरलं होतं.

त्याआधी ऑर्केस्ट्राचा विदर्भ दौरा होता: नागपूर, अमरावती आणि, सविता हट्टालाच पेटली म्हणून, मानोरा. पूर्वार्धात दोन नव्या रचना, त्यांतली एक सविताची. उत्तरार्धात दोनशे वर्षांपूर्वीची एक सिंफनी, म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली चार भागांची रचना. हे सगळं ठरलं, आणि सविताची आई म्हणाली, मी येणार नाही.

कारण असं की सविताची रचना ढावल्यावर होती. बंजारा मुलगी सासरी निघते तेव्हा आईच्या, मावश्यांच्या गळ्यात पडून जे रडणं गाते तो ढावलो. सविताचं लग्न झालेलं नाही. ती एकदा पिशवी खांद्याला लावून एसटीत बसली आणि पुण्याला आली, एवढीच तिची पाठवणी. "काकू, मी इतकी लांब चाललेय आणि याडीनं मला अजून निरोपच दिला नाहीये," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. "तुम्ही आधी जाऊन तिच्याजवळ राहा ना. मी बोलले की भांडण होतं." मी लगेच बॅग भरली.

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं सकाळी अकोला. स्टेशनाबाहेर आलूबोंड्यावर कढी ओतून देतात. पुणेकरांनी नाक मुरडण्याआधी एक खाऊन पाहावा, दुसरा आपोआप मागवला जातो. तिथून एसटीनं पातूर, मालेगाव करत वाशिम. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीजवळ बसून मी श्रीमंतासारखी इकडेतिकडे बघत होते. पातूरच्या पुढे घाटात सागाची झाडं पार उघडी पडली होती, पळस तेवढा कुठे कुठे रंग धरून होता. पुढे शिवारात शिजवलेली हळद वाळत घातलेली, तिचा वास गाडीत शिरायचा. वाशिमला गाडी बदलून मंगरुळपीरमार्गे मानोरा. एक सांगून ठेवते: उन्हाळ्यात हा प्रवास करायचा तर सकाळी लवकर करा, पाण्याच्या दोन बाटल्या जवळ ठेवा आणि 'लागलंच आता' या कंडक्टरच्या शब्दावर फार विसंबू नका.

मानोऱ्यात सविताचा मोठा भाऊ देवीदास मोटरसायकल घेऊन उभा होता. ऊसतोडीहून घरी परत येऊन थोडेच दिवस झाले होते, उन्हानं रंग पार रापलेला. माझ्याकडे, माझ्या बॅगेकडे आणि मोटरसायकलीकडे पाहून म्हणाला, "काकू, बॅग पुढं घेतो. तुमी मागं घट्ट बसा. रस्ता जरासा बह्याड हाये." बह्याड म्हणजे वेडा, आणि रस्ता नुसता जरासा नव्हता.

तांड्यावर शेवंताबाईंनी, म्हणजे सविताच्या याडीनं, मला आधी पाणी दिलं, मग चहा, आणि मग न विचारता ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, हिला त्या बाटी म्हणतात, अंबाडीची भाजी आणि ठेचा. ठेच्यानं माझे डोळे भरून आले तशा त्या पहिल्यांदा हसल्या. घरात आपसात त्यांची गोरमाटी बोली, माझ्याशी वऱ्हाडी. सविताच्या वयाच्या कितीतरी मुली या घरांतून ढावलो गाऊन गेल्या, त्या सगळ्यांना शेवंताबाईंनी गळ्यात घेतलं होतं. तांड्यावर चांगला गळा त्यांचाच, असं देवीदासनं सांगितलं.

संध्याकाळी अंगणात बाजेवर बसून मी विषय काढला. "उद्या येताय ना?"

"कायले येऊ? कुवार पोरीनं ढावलो काढू नये. अपशकून होते."

"ती गात नाही हो, वाजवते."

"वाजवला काय न् गायला काय. रडनं तं तेच ना?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "अन् तुमाले सांगू काय, बाई? ढावलो एकटीचा राहत नाही. पोरीनं काढला का आईनं गळ्यात घेऊन तिले जोड द्या लागते. एकटीले रडू देलं तं ते पाप हाये. तिनं लोकाईसमोर एकटीनं काढला अन् म्या खुर्चीवर बसून आयकू?"

मला वाटलं होतं अडाणी समजूत असेल, चार शब्दांत पटवून देऊ. पण पटलं ते मलाच. मी दुसऱ्या दिवशी एकटीच जाणार असं गृहीत धरून झोपले.

दुपारी चारला मी तयार होऊन बाहेर आले तर शेवंताबाई हिरवं लुगडं नेसून, हातात चांदीची कडी घालून दारात उभ्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "तुमी पाहुन्या हा. पाहुन्या बाईले एकटं धाडते काय कोनी?" मागे पिकअपमध्ये तांड्यावरच्या दहाबारा बाया आधीच चढून बसल्या होत्या. त्याही बहुधा मला सोबत म्हणूनच निघालेल्या.

कार्यक्रम होता एका मंगल कार्यालयात. मानोऱ्यात एवढे वादक मावतील अशी दुसरी जागाच नाही. नवरानवरीच्या सिंहासनाच्या जागी वादकांना काठीनं ताल दाखवणाऱ्या कंडक्टरची चौकी, मागे झालरीचा गुलाबी पडदा तसाच, आणि वर 'शुभविवाह' ही थर्माकोलची अक्षरं, कारण दुसऱ्या दिवशी लग्न होतं. सविता काळ्या साडीत चेलो घेऊन डाव्या बाजूला बसली होती. आई दिसली तशी अर्धवट उठली, पुन्हा बसली. सूत्रसंचालकांनी कूलर बंद करायची विनंती केली तेव्हा मात्र हॉलमध्ये बंडाची चिन्हं दिसली. "अरे, मानसं मरून राह्यले इथं!" मागून एक आवाज आला. शेवटी दोन बंद, दोन चालू अशी तडजोड झाली. व्हायोलिनवाले घाम पुसत पुन्हा पुन्हा खुंट्या पिळत होते.

पहिली नवी रचना एका तरुण संगीतकाराची. तुटक तुटक आवाज, मध्येच घरघर, मग एकदम गप्प. माझ्या पुढच्या रांगेतले दोन शेतकरी गंभीरपणे ऐकत होते. एक म्हणाला, "मोटर हवा घेऊन राह्यली."

दुसरा म्हणाला, "थांब, आता पानी धरते." खरंच पुढे सगळी वाद्यं एकदम वाहती झाली, आणि दोघांनी मान डोलावली. अशी समीक्षा मी पुण्यात कधी वाचलेली नाही.

मग सविताची रचना. आधी बाकीच्या वाद्यांचा अगदी बारीक, दूरचा गलबला, घर पाहुण्यांनी भरलं की असतो तसा. त्यातून चेलो निघाला. एक लांब स्वर, वर चढत गेलेला, टोकाला जाऊन कापरा झालेला, आणि मग तुटून खाली आलेला. मला ढावलो ठाऊक नव्हता, तरी कुणी निरोप घेतंय एवढं कळलं. शेजारी शेवंताबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. चेलोनं दुसऱ्यांदा तोच स्वर काढला, जरा जास्त आर्जवानं. मग सगळी वाद्यं थांबली. सवितानं मला घरी कागद दाखवून सांगितलं होतं की इथे रिकामी जागा ठेवली आहे, इथे आई गायची असते. त्या जागेत फक्त दोन कूलर घरघरत होते.

शेवंताबाई उठल्या. मला वाटलं, निघाल्या बाहेर. पण त्या खुर्च्यांमधून सरळ पुढे चालत गेल्या. चालता चालताच त्यांनी आवाज लावला. मोठा, भरदार, जराही न लाजणारा. मंचावर चढल्या आणि चेलोसकट सविताला मिठीत घेतलं. इकडे पिकअपमधल्या बायांनी बसल्या जागेवरून जोड दिली. सविता आधी थिजली, मग आईच्या खांद्यावर डोकं टेकून गायला लागली. आमच्याकडे राहिलेल्या सहा वर्षांत मी तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं. मी ढसाढसा रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

कंडक्टरनं काठी खाली घेतली आणि हात जोडल्यासारखे धरून उभा राहिला. कुणीही घाई केली नाही. ढावलो आपल्या वेळेनं संपला. सवितानं डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, "याडी, अजून वाजवायचं राहिलंय." शेवंताबाईंना खाली पाठवायचं कुणाला सुचलं नाही, त्यांनाही जावंसं वाटलं नाही. त्या तिथंच, मुलीच्या खुर्चीशेजारी मांडी घालून बसल्या आणि रचना पुरी झाली.

मध्यंतरात मसाला दूध होतं, तेही लग्नाच्याच ग्लासांतून. त्यानंतरची सिंफनी शेवंताबाईंनी मंचावरच बसून ऐकली. दुसऱ्या भागात, जो संथ आणि जड पावलांचा आहे, त्यांनी मुलीच्या गुडघ्यावर हात ठेवला तो शेवटपर्यंत काढला नाही. चौथ्या भागात नगारे घुमले तेव्हा हॉल टाळ्यांनी ठेका धरायला लागला, आणि कंडक्टर हसला. पुण्यात ही सिंफनी मी दोनदा ऐकली आहे आणि दोन्ही वेळा तिसऱ्या भागात डुलकी काढली आहे. इथे नाही.

बाहेर पडताना शेवंताबाईंनी मला विचारलं, "ते दुसरं, हळूहळू चालनारं, ते कोनाच्या घरचं होतं?"

मी म्हटलं, "फार लांबच्या देशातलं. खूप जुनं."

"तिकडंबी पोरी जातेत तं," त्या म्हणाल्या.

परतीला कारंज्यावरून मूर्तिजापूर गाठलं आणि तिथून पुण्याची रेल्वे. कुणाला जायचं असेल तर मुक्काम कारंज्यात किंवा वाशिमात करा, मानोऱ्यात राहायची सोय बेताची आहे. सविता आईजवळ आठवडाभर राहिली. मी निघताना शेवंताबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं होतं. "तुमच्या घरून सविता निघन तवा मी नसन. तुमी ढावलो करजा."

"मला कुठे येतं?"

"रडता येते ना? मंग झालं."

आमच्याकडे मुलं नाहीत. त्यामुळे मुलीला निरोप कसा द्यायचा याचा मला काही सराव नव्हता, आणि हे मी आजवर कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. गेल्या रविवारी दुपारी टॅक्सी फाटकाशी आली. नवऱ्यानं चेलोची पेटी अशी उचलली की जणू तिच्यात काच होती. सोसायटीतली चार माणसं गॅलरीत उभी. मी सविताला गळ्यात घेतलं आणि आवाज लावला. तो कुठल्या कुठे गेला. खांद्याशी सविता हसली.

"काकू, चुकतंय," ती म्हणाली, आणि मला तसंच घट्ट धरून पुढची ओळ तिनं घेतली.