आईने कानाने शोधलेली दिशा

गेल्या मंगळवारी सकाळी कामावर सुट्टी टाकली आणि मिरकरवाड्याच्या मासळी बाजारात आईशेजारी जाऊन बसले. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कान तपासते, श्रवणयंत्रं बसवते... आणि माझ्याच आईने मी बसवून दिलेलं यंत्र डबीत घालून ठेवलं होतं.

माझ्या लहानपणापासून ती इथे मासे विकते. हल्ली कुणी सुरमई मागितली की ती पापलेट उचलायची... लोक हसायचे. यंत्र लावलं तर सगळाच गलका कानात शिरतो म्हणाली. आता जागा सोडून घरीच बसणार होती. ते मला फार लागलं.

तासभर बसल्यावर कळलं. तिच्या पाठीमागेच बर्फ फोडायचं मशीन, सतत खडखडतंय... क्लिनिकच्या शांत खोलीत मला हे सुचलंच नव्हतं.

दुपारी तिच्या यंत्राचं सेटिंग बदललं. त्यात दोन बारीक माइक असतात, एक पुढे, एक मागे. मागच्या माइकचा सिग्नल किंचित उशिरा घेऊन पुढच्यातून वजा केला की मागचा आवाज जवळजवळ पुसला जातो आणि समोरचा उरतो. हा उशीर कमी-जास्त केला की न ऐकू येणारी दिशाही सरकते... तिला मी एवढंच सांगितलं, समोरचं ऐकू येईल, मागचं कमी.

परवा पुन्हा गेले. आई पाट तिरका टाकून बसलेली, मशीन उजव्या खांद्याच्या मागे. मी पाट सरळ करायला गेले तर तिने हात धरला.

"नको गो. सरळ बसलं की ता थोडं वाजतं. मान फिरवून फिरवून बघितलंय... असं तिरकं बसलं की गप होतं."

घरी येऊन लॅपटॉपवर तिच्या यंत्राचा आलेख उघडला, कुठल्या दिशेचा आवाज किती येतो ते दाखवणारा. मी ठेवलेल्या सेटिंगमध्ये सगळ्यात कमी ऐकू येणारी दिशा सरळ पाठीमागे नव्हतीच... दोन्ही बाजूंना, जरा तिरकी मागे. आई बसली होती, नेमकी तशी. मला हे शिकायला कॉलेज लागलं. चौथीत शाळा सुटलेल्या माझ्या आईने ते बाजारात बसून शोधलं.

त्या संध्याकाळी शेजारच्या मावशींना ती सांगत होती, माझ्या लेकीने केलंय हे. मला मात्र तिचाच अभिमान वाटत होता...

कालपासून येणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी आधी विचारते, तुम्ही दिवसभर बसता कुठे? हा प्रश्न मला आईने शिकवला.